आमचा सुपरमॅन

साठीकडे झुकलेल्या माणसाला कोणी त्याचे आवडते पात्र विचारले, तर त्याने हॅम्लेटचे नाव घ्यावे, गणपतराव बेलवलकरांचे घ्यावे, निदान कर्णाचे तरी घ्यावे, अशी सभ्य समाजाची अपेक्षा असते. आम्ही 'सुपरमॅन' असे उत्तर देतो, तेव्हा विचारणारा प्रथम हसतो आणि मग आम्ही विनोद करीत नाही हे ध्यानी येताच किंचित ओशाळतो. निळा अंगरखा, तांबडा झगा, छातीवर एक इंग्रजी अक्षर आणि विजारीवरून चढवलेली चड्डी. एवढ्या भांडवलावर आभाळात फिरणाऱ्या या गृहस्थाविषयी एका प्रौढ, संसारी, मराठी माणसाला चव्वेचाळीस वर्षे प्रेम वाटावे, याचा उलगडा करणे हे एक प्रकारे आमचे कर्तव्यच होय. तो उलगडा भीमा नदीपासून सुरू होतो.

आमचे मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी होते. 'होते' हे क्रियापद येथे अक्षरशः घ्यावे. उजनीच्या धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात उभी राहिली. पाणी मात्र मागे पसरत पसरत इंदापूर, करमाळा, दौंड आणि कर्जत या तालुक्यांत शिरले. या जलाशयाला पुढे 'यशवंतसागर' असे नाव मिळाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या त्या सागराच्या तळाशी जी गावे गेली, त्यांत आमचेही एक. त्या पाण्याने सोलापूरची तहान भागली, माळरानावर ऊस उभा राहिला, भिगवणच्या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले, हे सारे आम्हांस ठाऊक आहे आणि त्याचा आनंदही आहे. परंतु दहा वर्षांच्या मुलाला टीएमसीचा हिशेब कळत नाही. त्याला एवढेच कळते, की वडाच्या ज्या पारावर आपण काल गोट्या खेळलो, तो पार आता पृथ्वीच्या पाठीवर असणार नाही.

गाव हलले, तेव्हा वडिलांनी मुंबईची वाट धरली. गिरणगावातील एका खोलीत आठ-दहा माणसांत त्यांना झोपायला जागा मिळाली आणि पुढे आईही तिकडे गेली. त्या खोलीत मुलाला वाव नव्हता आणि बुडणाऱ्या गावात शाळा उरली नव्हती. म्हणून १९७८ च्या उन्हाळ्यात आई-वडिलांनी आम्हांस इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर बारामतीच्या गाडीत बसवून दिले. आईने फडक्यात भाकरी बांधून दिली, वडिलांनी कंडक्टरला दोन वेळा बजावले, आणि गाडी सुटली. पलीकडच्या टोकाला नीरा डाव्या कालव्यावरच्या एका खेड्यात आमचे मामा आणि मामी राहत होते. त्यांना मूलबाळ नव्हते.

ज्या वाचकांना सुपरमॅनची कथा ठाऊक आहे, त्यांच्या ध्यानी आता काही येऊ लागले असेल. ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. क्रिप्टॉन नावाचा एक दूरचा ग्रह विनाशाच्या कड्यावर उभा असतो. तेथील शास्त्रज्ञ जॉर-एल आणि त्याची पत्नी आपल्या तान्ह्या मुलाला एका छोट्या यानात घालून पृथ्वीकडे रवाना करतात. ग्रह नष्ट होतो, यान अमेरिकेतील कॅन्ससच्या शेतांत येऊन पडते, आणि निपुत्रिक असलेले एक शेतकरी जोडपे त्या मुलाला उचलून घरी नेते. पृथ्वीवर त्याला अचाट शक्ती प्राप्त होते. परंतु त्या शक्तीचे काय करावे, हे त्याला ते शेतकरी शिकवतात. टोपलीतून नदीत सोडलेला मोशे, पेटीतून वाहत आलेला कर्ण, पुराच्या यमुनेतून गोकुळात पोहोचलेला कृष्ण, अशा जुन्या कथांच्या कुळातीलच ही एक कथा. दोन गरीब ज्यू तरुणांनी ती क्लीव्हलँड शहरात रचली. जेरी सीगल लिहीत असे आणि जो शूस्टर चित्रे काढीत असे. १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. त्याच्या सर्व हक्कांचे मोल म्हणून या दोघांना मिळाले एकशे तीस डॉलर. पुढे त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, हलाखी सोसली, आणि १९७५ मध्ये कोठे त्यांना वार्षिक मानधन व निर्माते म्हणून नाव परत मिळाले. उसाचा भाव ठरवताना ज्याचा ऊस त्यालाच कोणी विचारीत नाही, अशा दिवसांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हांस ही हकिकत फारशी परकी वाटली नाही.

या गृहस्थाची व आमची भेट १९८१ च्या उन्हाळ्यात बारामतीस झाली. रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला 'सुपरमॅन' अमेरिकेत डिसेंबर १९७८ मध्ये झळकला होता. आमच्यापर्यंत यायला त्याला अडीच वर्षे लागली. तोवर आमचा साहसी पुरुषांशी परिचय होता तो इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतील महाबली वेताळापुरता. ते अंक स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे मिळत आणि शाळेत इतक्या हातांतून फिरत, की आमच्यापर्यंत येईतो मुखपृष्ठ उरलेले नसे. आम्ही सातवी पास झालो म्हणून मामांनी विचारले, "काय पायजे?" आम्ही म्हणालो, "सिनेमा." मामांनी रविवारी सकाळी धोतर-टोपी घातली, सायकलच्या नळीवर आम्हांस बसवले आणि कालव्याच्या कडेने बारामती गाठली. चित्रपट इंग्रजी आहे, हे तिकीट काढल्यानंतर कळले. मामा म्हणाले, "बघू तरी."

त्या दिवशी आम्ही काय पाहिले, हे आज सांगताना पुढे वाचलेल्या गोष्टी त्यात मिसळतात. संगीत जॉन विल्यम्स यांचे होते, जॉर-एलच्या भूमिकेत मार्लन ब्रँडो होते, उड्डाणासाठी तारांबरोबरच पडद्यावर समोरून प्रतिमा फेकण्याचे एक नवे तंत्र वापरले होते, आणि या करामतींबद्दल चित्रपटाला विशेष ऑस्कर मिळाले, हे सारे ज्ञान नंतरचे. त्या सकाळी आम्हांस दिसले ते एवढेच, की एक माणूस जमिनीवरून उचलला गेला आणि आम्हांस तिळमात्र शंका आली नाही. ख्रिस्तोफर रीव्ह हा तेव्हाचा अनोळखी नट उडताना हात-पाय झाडीत नसे. पोहणारा सराईत माणूस पाण्यावर भार टाकतो, तसा तो हवेवर भार टाकीत असे. रीव्ह स्वतः विमान आणि ग्लायडर चालवीत असत, हे पुढे वाचनात आले, तेव्हा त्या सहजतेचे कोडे सुटले.

मामांचे लक्ष मात्र उड्डाणाकडे फारसे नव्हते. त्यांना एक अक्षर इंग्रजी येत नव्हते आणि मेट्रोपोलिस शहरातील धावपळीत ते दोन वेळा पेंगले. परंतु त्याआधी, जेव्हा पडद्यावर कॅन्ससची शेते आली, तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. गव्हाची ती अफाट शेते प्रत्यक्षात कॅनडातील आल्बर्टा प्रांतात चित्रित केलेली आहेत. पण गहू तो गहूच. म्हातारा-म्हातारी जुन्या गाडीतून चालली आहेत, टायर फुटतो, धुरातून एक उघडे पोर हात पसरून समोर येते, आणि म्हातारी आपल्या नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहते, त्या नजरेला भाषांतर लागत नाही. जॅक निसटतो, गाडी म्हाताऱ्यावर कोसळणार, तोच ते पोर ती एका बाजूने उचलून धरते. सारे चित्रपटगृह टाळ्या पिटीत होते. मामा हळूच आमच्या कानाशी म्हणाले, "आरं, ह्यो तर आपल्यावाणी शेतकऱ्याचं पोर हाय की!"

आणि मग जोनाथन केंट मरतो. ग्लेन फोर्ड या जुन्या नटाने ती भूमिका केली आहे. तरण्याताठ्या झालेल्या मुलाला तो सांगतो, की तू या जगात काही कारणासाठी आला आहेस. मग दोघे घराकडे धावण्याची शर्यत लावतात, आणि चार पावलांवर म्हातारा थांबतो, हात धरून पाहतो आणि कोसळतो. दफनाच्या वेळी मुलगा आईला म्हणतो, की एवढ्या शक्ती अंगात असूनही मला त्यांना वाचवता आले नाही. हे वाक्य आम्हांस समजले ते कित्येक वर्षांनी. मामांना ते त्याच दिवशी समजले असावे, कारण त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर आम्ही शेवटाविषयी बडबडत होतो. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना आठवेल, की प्रिय व्यक्ती भूकंपात मेली म्हणून सुपरमॅन पृथ्वीभोवती इतक्या वेगाने फिरतो, की पृथ्वी उलटी फिरू लागते, काळ मागे जातो, आणि मेलेली लोइस लेन जिवंत होते. आम्हांस तो भाग फार आवडला होता. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी कालव्याच्या पुलावर सायकल थांबवून म्हणाले, "ते पृथ्वी फिरवायचं काय खरं न्हाय. त्या म्हाताऱ्याचं मातर खरं हाय."

चित्रपटसमीक्षकांनी या शेवटाविषयी पानेच्या पाने लिहिली आहेत. बाप जॉर-एल मानवी इतिहासात ढवळाढवळ करू नकोस असे बजावतो, आणि मुलगा ते मोडतो. मग पुढच्या प्रत्येक मृत्यूच्या वेळी त्याने तेच का करू नये, असा तो आक्षेप. मामांचा आक्षेप याहून साधा होता. भीमेचे पाणी मागे जाणार नव्हते. ते कोणी उलटे फिरवणार नव्हते. त्यापुढचे वर्ष उजाडले तेच गिरण्यांच्या संपाने. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला तो संप वडिलांची नोकरी घेऊन गेला. एक जग पाण्यात गेलेल्या माणसाचे दुसरे जगही असे डोळ्यांदेखत मिटले. ते व आई गावाकडे परतले, तेव्हा परतायला गाव नव्हते. इंदापुरात भाड्याच्या खोलीत त्यांनी पुन्हा आरंभ केला. आम्ही शिक्षण पुरे होईतो मामांकडेच राहिलो.

सुपरमॅनच्या कथेत एक गोष्ट अशी आहे, जी आमच्या मते तिच्या कर्त्यांनाही पुरती उमगलेली नसावी. या अजिंक्य वीराला दुबळा करणारा पदार्थ म्हणजे क्रिप्टोनाइट. तो प्रथम १९४३ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत आला आणि पुढे चित्रकथांत रुळला. हा पदार्थ म्हणजे कोणते विष नव्हे, शत्रूने घडवलेले शस्त्र नव्हे. त्याच्याच नष्ट झालेल्या ग्रहाचे ते तुकडे होत. म्हणजे बंदुकीची गोळी ज्याच्या छातीवरून परतते, तो आपल्या मातृभूमीचा एक खडा समोर आला की गुडघे टेकतो! हे आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. उजनीचे पाणी ज्या उन्हाळ्यात फार खाली जाते, त्या उन्हाळ्यात पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणारे लोक तेथे मुद्दाम थांबतात, छायाचित्रे घेतात, दगडावरील कोरीवकामाचे कौतुक करतात. त्याच दिवसांत आसपासच्या बुडित गावांचे जोते, विहिरींची तोंडे, एखाद्या वाड्याची पायरी असे काहीबाही गाळातून डोके वर काढते. आमचे वडील धडधाकट होते, कोणापुढे वाकले नाहीत. परंतु अशा एका उन्हाळ्यात त्या भेगाळलेल्या गाळावर उभे राहून ते आमच्या घराची जागा दाखवू लागले आणि दाखवता दाखवता खाली बसले. आम्ही त्यांच्याजवळ बसलो. हिरवा नव्हता, चमकत नव्हता, पण तो खडा क्रिप्टोनाइटचाच होता.

मध्यंतरीच्या काळात सुपरमॅनचे आणखी तीन चित्रपट आले. १९८० चा दुसरा भाग आम्ही पुण्यात पाहिला, १९८३ चा तिसरा गणेशोत्सवात भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर, आणि १९८७ चा चौथा पाहिला तो केवळ निष्ठा म्हणून. त्याच १९८७ मध्ये पुनीत इस्सर यांचा हिंदी सुपरमॅनही आला. पुढच्याच वर्षी तेच गृहस्थ दूरदर्शनच्या 'महाभारता'त दुर्योधन होऊन गदा घेऊन उभे राहिले, तेव्हा आमची थोडी पंचाईत झाली. चाहता हा प्राणी असा, की चित्रपट वाईट निघाला म्हणून त्याचे प्रेम कमी होत नाही. घरातील एखादे मूल नापास झाले, एवढेच त्याला वाटते.

१९९३ च्या माघात मामा गेले. रात्रीच्या पाळीचे पाटाचे पाणी होते. ते उसाला दारे धरायला गेले होते, आणि पहाटे बांधावर आढळले. खोरे हातालगतच होते. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही त्या वेळी पुण्यात एका कचेरीत नोकरीस होतो. निरोप मिळताच निघालो आणि अकराच्या सुमारास पोहोचलो. चाऱ्या फुटून पाणी शेजारच्या वावरात गेले होते आणि शेजाऱ्याने, त्या गोंधळातही, आमचे उरलेले बारे पुरे करून दिले होते. मामींनी आम्हांस पाहताच एवढेच म्हटले, "आला माझा लेक." बारा वर्षांपूर्वी अंधाऱ्या चित्रपटगृहात ऐकलेले ते न कळलेले इंग्रजी वाक्य त्या क्षणी आम्हांस शब्दन् शब्द कळले. आमच्या अंगी तर कसलीच अचाट शक्ती नव्हती. पण ज्याच्या अंगी होती, त्यालाही या जागी आमच्याइतकेच रिकामे हात घेऊन उभे राहावे लागले होते. हे सांत्वन लहान नव्हे. देव-दानवांच्या बळाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. बळाची हद्द कोठे संपते हे सांगणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, आणि माणसाला संकटात त्या दुसऱ्याच उपयोगी पडतात.

या नियतकालिकाच्या वाचकांना येथे आणखी एक गोष्ट सुचल्यावाचून राहणार नाही. पित्याने आपल्या एकुलत्या एका पुत्राला मानवांमध्ये पाठवले, ही जॉर-एलची कल्पना कोठून आली असावी, याविषयी विद्वानांनी तर्क केले आहेत आणि चित्रपटकर्त्यांनी तो ध्वनी मुद्दाम राखला आहे. आम्हांस मात्र त्या स्वर्गीय बापापेक्षा दुसऱ्या बापाचे स्मरण अधिक होते, ज्याच्या तोंडी शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही. संत योसेफ बोलत नाहीत. उठतात, सांगितले ते करतात, मूल सांभाळतात, सुतारकाम शिकवतात, आणि कथेतून निघून जातात. जगातील सर्व पालकपित्यांची रीत हीच असावी.

मामांच्या मृत्यूला दोन वर्षे होतात न होतात, तोच २७ मे १९९५ रोजी व्हर्जिनियातील घोडदौडीच्या स्पर्धेत ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडले. मानेचे वरचे दोन मणके मोडले आणि मानेखालचे सारे शरीर लुळे झाले. श्वासदेखील यंत्राने घ्यावा लागे. तेव्हा त्यांचे वय होते बेचाळीस. जगभरच्या वर्तमानपत्रांना यात नियतीचा क्रूर विनोद दिसला आणि त्यांनी तो मथळ्यांत वापरलाही. आम्ही ती बातमी मराठी दैनिकात आतल्या पानावर वाचली आणि तो कागद घडी घालून ठेवला.

परंतु पुढची नऊ वर्षे जे घडले, त्यामुळे आमचे बालपणीचे प्रेम प्रौढ झाले. १९९६ च्या मार्चमध्ये ऑस्कर समारंभात पडदा वर गेला आणि चाकांच्या खुर्चीत बसलेले रीव्ह रंगमंचावर दिसले. सारे सभागृह उभे राहिले. त्यानंतर त्यांनी चित्रपट दिग्दर्शित केला, अभिनय केला, आत्मचरित्र लिहिले, मज्जारज्जूच्या इजांवर संशोधन व्हावे म्हणून निधी उभारला, लोकप्रतिनिधींपुढे साक्षी दिल्या. २००० मध्ये त्यांना डाव्या हाताची तर्जनी हलवता येऊ लागली. एके काळी जो पडद्यावर पृथ्वी उलटी फिरवीत असे, त्याने एक बोट हलवले आणि डॉक्टर थक्क झाले! आमच्या मते त्या दोन पराक्रमांत दुसरा मोठा. आमच्या भागात उसाच्या ट्रॉलीवरून, झाडावरून, विहिरीच्या काठावरून पडून कमरेखाली अधू झालेली माणसे आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. घराच्या पडवीत एक खाट, तिच्यावर तो माणूस, आणि हळूहळू त्याच्याविषयी त्याच्यासमोरच भूतकाळात बोलू लागलेले घर. रीव्ह यांनी त्या खाटेवरून जगाला एवढे बजावले, की मी अजून वर्तमानकाळात आहे. १० ऑक्टोबर २००४ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते वारले. ज्या पत्नीने त्यांना सांभाळले, त्या डेना रीव्ह दीड वर्षातच कर्करोगाने गेल्या.

हे सारे दूर अमेरिकेतील झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातील. आमच्या बारामती तालुक्यात माळेगाव आहे, साखर कारखान्याचे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे, यंत्रमागांचे. एका अक्षराचे अंतर, आणि पोटासाठी राबण्याची रीत तीच. त्या मालेगावात नासिर शेख नावाचे गृहस्थ व्हिडिओ पार्लर चालवीत आणि लग्नांचे चित्रण करीत. त्यांना वाटले, आपणही चित्रपट काढावा. 'मालेगाव के शोले' काढून झाल्यावर त्यांनी हात घातला तो सुपरमॅनला. नायक निवडला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काटकुळ्या अंगाचा. हिरवे कापड ताणून त्याच्यापुढे त्याला आडवा टांगला आणि उडवला. पाण्यातील एक दृश्य घेताना कॅमेराच पाण्यात पडला आणि चित्रीकरण खोळंबले. हे सारे उपद्व्याप फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात टिपून ठेवले, आणि २०१२ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. तोवर शफीक कर्करोगाने गेले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट याच मंडळींवर निघाला.

तो माहितीपट पाहताना आमच्या शेजारचे लोक हसत होते, आणि आम्हीही हसलो. हसण्याजोगेच ते आहे. झगा वाऱ्यावर उडत नाही, छाती भरत नाही, वीर आपल्या कामावरून सुट्टी काढून जग वाचवायला आलेला. परंतु जो माणूस दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहतो, त्याने दोन तास आडवे टांगून घेऊन आपल्याच गावकऱ्यांसाठी उडून दाखवावे, यात आम्हांस सीगल आणि शूस्टर यांची ती मूळची खोली दिसली. पैसा नाही, कोणी विचारीत नाही, आणि डोक्यात मात्र एक उडणारा माणूस. सुपरमॅनचा खरा वारस आम्हांस विचाराल, तर हॉलिवुडच्या कोट्यवधी डॉलरांपेक्षा शफीकच्या त्या झग्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

२०२५ च्या जुलैत जेम्स गन यांचा नवा 'सुपरमॅन' आला. डेव्हिड कोरेनस्वेट हा नवा नट, आणि एका छोट्या प्रसंगात वार्ताहर म्हणून ख्रिस्तोफर रीव्ह यांचे चिरंजीव विल. आम्ही मुलीबरोबर पुण्यात तो पाहिला. वृद्ध चाहत्याला नव्या चित्रपटात खोडी काढण्याचा हक्क असतो, तो आम्ही बजावला; गोंगाट फार आहे, असे मुलीला दोन वेळा सांगितले. परंतु या चित्रपटात एक गोष्ट अशी आहे, की जी आधीच्या कोणाला सुचली नाही. आरंभी जखमी सुपरमॅन आपल्या जन्मदात्यांचा क्रिप्टॉनहून आलेला संदेश ऐकत विसावा घेतो. त्या संदेशाचा उरलेला भाग पुढे उजेडात येतो, आणि त्यात आई-बापांनी त्याला या दुबळ्या माणसांवर राज्य कर, असे सांगितलेले असते. मुलगा कोसळतो. मग तो गावाकडे जातो, आणि साधा, अडखळत बोलणारा शेतकरी बाप त्याला सांगतो, की तू कोण हे तुझ्या निवडींनी ठरते. शेवटी पुन्हा तो जखमी होऊन विसावतो, तेव्हा समोर क्रिप्टॉनचा संदेश नसतो. त्याचे लहानपण असते, घरगुती कॅमेऱ्याने टिपलेले, त्या दोन शेतकऱ्यांबरोबरचे.

आमच्या जन्मदात्यांनी आम्हांस कोणावर राज्य कर असे सांगितले नव्हते. त्यांनी आम्हांस वाचवण्यासाठी एस.टी.त बसवले, आणि तेवढे त्यांना शक्य होते. त्यांचे ऋण निराळेच आहे. पण आम्ही जे काही झालो, ते कालव्याच्या काठी झालो. आज इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडतात आणि ते आकाशात जातात, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तरीही या दोन तालुक्यांत उड्डाण म्हणून आम्ही जे पाहिले, त्यांत सर्वांत उंच ते, जे मामांनी त्या रविवारी सायकलच्या नळीवर बसवून आम्हांस घडवले.

मामांचे चलच्चित्र कोठेही नाही. छायाचित्र एकच आहे, सोसायटीच्या पासबुकावर चिकटवलेले, टपाल-तिकिटाएवढे, अर्ध्यावर शाईचा शिक्का पडलेला. टोपी दिसते, कपाळ दिसते, एक डोळा दिसतो. मुलीने ते पुण्यात मोठे करवून आणले आहे. मोठे केल्याने शिक्काही मोठा झाला. तो काढून टाकता येईल, असे छायाचित्रकार म्हणाला. आम्ही तो राहू द्या म्हटले. चौकट करून ते आमच्या टेबलासमोर लावले आहे, आणि त्याच्या खाली, मुलीच्या आग्रहास्तव, निळ्या अंगरख्याचा तो दुसरा शेतकऱ्याचा मुलगा.